पाचचा भोंगा

"गेल्या आठवड्यात निदान एक तास तरी काम केलंत का?" कोण कामावर, कोण बेकार याची सरकारी मोजणी करत घरोघर फिरणाऱ्या मोजणीकाकांनी विचारलं आणि टॅबवर बोट रोखून थांबले.

समोर स्टुलावर बसलेल्या भोंग्याने आधी खाटेकडे पाहिलं. खाटेवर त्याची आई. डोळे गेलेले, पण कान असे की शेजारच्या घरात मुंगीने कूस बदलली तरी म्हातारीला कळावं.

"एका तासाचं काय घेऊन बसलात काका," भोंगा जरा आवाज चढवूनच म्हणाला, "रोज कंपनीत जातो की. सात ते पाच. आज तेवढी सुट्टी घेतली."

काकांचं बोट अधांतरी राहिलं. कंपनीच्या इथल्या कारखान्याला कुलूप लागून दोन वर्षं झाली होती. यंत्रं विकली, जमीन विकली, माणसं घरी बसवली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

भोंगा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. कंपनीचा भोंगा वाजवणं हे त्याचं काम, म्हणून ते नाव चिकटलं. आणि भोंगा तरी कसा? सकाळी सातला वाजला की आधी तो ऐकून मगच कोंबडे आरवायचे. एकदा तर न्हावी दचकला आणि गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली. ते गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला उरलेली अर्धी घेऊन हजर झालं, म्हणजे फुकटात बरोबरी होईल.

कंपनी बंद झाली त्या सकाळी म्हातारी अंथरुणातून म्हणाली, "आज भोंगा नाही झाला रे? बरं आहे ना सगळं?" पोराने काय करावं? मागच्या दाराने निघाला, पाण्याच्या टाकीमागे गेला, पत्र्याचं मोठं नरसाळं तोंडाला लावलं आणि छाती फुटेस्तोवर भोंगा वाजवला. तेव्हापासून रोज तेच. सातला भोंगा, मग टाकीच्या सावलीत दिवस काढायचा, डबा खायचा, पाचला पुन्हा भोंगा वाजवून घरी. घर चालायचं बायकोच्या शिवणकामावर. गल्ली आधी हसली, मग त्या भोंग्यावर घड्याळं लावू लागली. म्हातारीला मात्र कुणी बोललं नाही. एवढ्या तोंडाळ गल्लीने दोन वर्षं जिभेला गाठ मारून ठेवली.

"चहा टाकतो," म्हणत भोंगा आत गेला. स्टोव्ह फरफरू लागला.

"मोजणीवाले," म्हातारी हळूच म्हणाली, "खरा भोंगा कधी खोकला नव्हता हो."

काकांनी टॅब मांडीवर पालथा ठेवला.

"पहिल्याच दिवशी कळलं मला. त्याला सांगू नका. बिचाऱ्याला कामावर गेल्यासारखं वाटतं."

"मग मी लिहू काय, आजी?"

"तो म्हणाला तेच लिहा. आजवर त्याचं म्हणणं कुणी लिहून घेतलंय?"

नियमही तोच होता. घरातलं माणूस सांगेल ते लिहायचं. काकांनी 'कामावर आहे' दाबलं आणि चहा घशाखाली उतरवला.

पुढे एका संध्याकाळी रेडिओवर बातमी आली. त्याच कंपनीचा नफा दुपटीने वाढला होता, आणि बेकारी थोडी कमी झाली होती. "बघा, चांगले दिवस आले," काकांची बायको म्हणाली. काकांनी रेडिओ बंद केला. नफा खोटा नव्हता. पगारच द्यायचे नसले तर नफ्याला काय धाड भरली आहे? आणि बेकारीच्या त्या आकड्यात एका नरसाळ्याची फुंकर होती.

पहिल्या भेटीनंतर तीन महिन्यांनी मोजणीत त्याच घराची दुसरी पाळी आली. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती.

"आई गेली, काका. पंधरा दिवस झाले." भोंग्याचा आवाज इतका बारीक झाला होता की काकांना पुढे वाकावं लागलं. "आता खरं लिहा. काम नाही मला. दोन वर्षांपासून नाही. बेकार लिहा. कुठेतरी एकदा कागदाला लागू दे ते."

काकांनी आनंदाने बोट पुढे केलं. पण टॅबने पुढचा प्रश्न काढला.

"गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत का?"

"शोधणार कधी? आईपाशी बसलो होतो. मग तिचं सगळं उरकलं."

"शोधलं म्हणा ना," काका आवाज उतरवून म्हणाले. "कुणाला तरी विचारलं असेल."

"नाही हो. खोटं आता कुणासाठी बोलू?"

काकांनी 'नाही' दाबलं. टॅबने त्याला बेकारांतही घेतलं नाही. ज्यांना काम नको, अशांच्या रांगेत नेऊन बसवलं.

"लागलं का?" भोंग्याने विचारलं.

"लागलं," काका म्हणाले.

"एक बरं झालं काका. आईला शेवटपर्यंत कळलं नाही. तेवढं एक काम मी चोख केलं."

"चोख," काका म्हणाले. "कंपनीच्या भोंग्याहून चोख."

बाहेर ऊन उतरलं होतं. भोंगा सवयीने उठला, खिळ्यावरचं नरसाळं काढलं, दारापर्यंत गेला आणि थांबला. मग परत येऊन त्याने ते फडक्याने आतून बाहेरून पुसलं आणि खिळ्याला अडकवलं.

समोरच्या खिडकीतून एक बाई डोकावली. "अहो, पाच वाजले का?"

भोंग्याने खिळ्यावरच्या नरसाळ्याकडे पाहिलं.

"माहीत नाही, वहिनी," तो म्हणाला.