मौनाचे पाणी

अक्काच्या पत्राला वाळवीकाकांनी अजून उत्तर पाठवले नव्हते. पत्र टेबलावर शब्दकोशाखाली दाबून ठेवलेले होते. कोश उचलायची वेळ आली की ते डोके वर काढी, आणि काका अडलेला शब्द तसाच सोडून कोश पुन्हा त्याच्यावर ठेवत.

अक्काला फोनवर धड ऐकू येत नसे, म्हणून भावाबहिणीचा सगळा कारभार टपालाने चाले. तिने लिहिले होते, "पाणीबुवांच्या पाण्याने माझी छातीतली जळजळ पार थांबली. बुवा सांगून गेलेत, बाटली संपली की गोळीही संपली, पुढे घेतली तर विष होईल. बाटली तळाला चालली आहे. तू एवढा वाचतोस, तूच सांग, गोळी सोडू का? मी तुझी वाट बघेन, बाटली बघेल असं नाही."

प्रश्न साधा नव्हता. अक्काच्या पोटात मागे जखम होऊन रक्त गेले होते. सांध्यांसाठी ती रोज वेदनेवरची गोळी घेई, आणि त्या गोळीने पोट पुन्हा सोलवटू नये म्हणून डॉक्टरांनी आम्ल कमी करणारी दुसरी गोळी लावून दिली होती. बुवा सोडायला सांगत होते ती हीच, आणि ती सुटली तर काय होईल, हे काकांना कळत होते. पण तिला आराम पडला, हेही खोटे नव्हते. काकांचा जन्म ग्रंथालयात पुस्तके लावण्यात गेला होता. प्रत्येक पुस्तकाशेजारी त्याच्या बरोबर उलटे सांगणारे पुस्तक त्यांनीच आपल्या हाताने ठेवले होते. ते उत्तर 'कदाचित'ने सुरू करीत, 'परंतु'पाशी अडखळत आणि कागद फाडून टाकीत. मग खोलीत येरझारा. पुस्तकांत तोंड खुपसून बसणाऱ्या या माणसाचे वाळवी हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवले होते, आणि त्यांनी ते निमूटपणे घेतले होते.

अशात पाणीबुवा मुक्काम हलवून काकांच्याच गल्लीच्या टोकाला, लग्नाच्या हॉलमध्ये उतरले.

पहिल्या सकाळपासून हॉल भरून माणसे पायऱ्यांवर सांडली. कुणी पोटावर हात ठेवून, कुणी छातीवर. काकाही मागच्या खांबाला चिकटून उभे राहिले. बुवांचे कपडे पांढरे, आवाज मऊ आणि माइक खणखणीत.

"अग्नी खाली, पाणी वर, आणि मध्ये तुमची जीभ!" बुवा सांगत होते. "जीभ थांबली की पाणी खाली उतरतं. पाणी उतरलं की अग्नी लाजतो. लाजला की विझतो."

अग्नी लाजतो म्हणजे नेमके काय करतो, हे कुणी विचारले नाही. लोक माना डोलवत होते. विधी सोपा होता. उठल्या उठल्या पेलाभर पाण्यात बुवांच्या बाटलीतले टोपणभर पाणी घालायचे आणि प्यायचे. डॉक्टरांची गोळी चालू असेल तर तीही त्याच पाण्याबरोबर घ्यायची, कारण बुवा कुणाच्या विद्येचा अपमान करीत नसत. मग अर्धा तास कडक मौन. ओठ उघडायचे नाहीत, चहाचा घोटसुद्धा नाही. मौन सुटले की पोटभर खायचे. डॉक्टरांच्या गोळीलाही जागा देणारा हा मोठेपणा पाहून हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

आणि गुण येऊ लागला. शेजारचा टेलर काकांना रस्त्यात अडवून सांगू लागला. एवढी वर्षे तो उशीवर उशी रचून बसल्या बसल्या झोपायचा, आता चक्क आडवा झोपतो. बायको मध्येच हलवून बघते, आहेत ना म्हणून.

फक्त बेकरीवालीला काही फरक पडेना. ती गोळ्यांच्या वाटेला कधी गेलेली नव्हती. नुसते पाणी पिऊन नेमाने मौन पाळत होती आणि पहिल्यासारखेच आंबट ढेकर देत होती. बुवांनी तिच्याकडे रोखून पाहिले आणि निदान केले, की ती मनातल्या मनात बोलते.

"मनात नाही बोलायचं, तर काय भट्टीत डोकं घालून बोलू?" ती काकांना म्हणाली. "काका, तुम्ही तर आयुष्यभर गप्प. तुमचं पोट कसं आहे?"

काका नेहमीप्रमाणे नुसते हसले. पण घरी आल्यावर तो प्रश्न त्यांना खुर्चीत बसू देईना. पोट कसे आहे? जळते आहे. मौनाने पोट निवत असते, तर गल्लीत सगळ्यात थंड पोट त्यांचे असायला हवे होते. सकाळी उठल्यापासून ते कुणाशी चकार शब्द बोलत नसत. तरीही घशाशी आंबट येई, आणि अक्काची तीच आम्लाची गोळी तेही रोज घेत होते.

कधी घेत होते? न्याहारी झाल्यावर. रक्तदाबाच्या गोळीसोबत, एका मुठीत. 'गोळी जेवणावर घ्यायची' हा त्यांच्या आईचा दंडक होता. रिकाम्या पोटी औषध बाधते, असे ती म्हणे. अक्काही तशीच वाढलेली. टेलरही बहुधा जेवणावरच घेत असणार. म्हणजे बुवांनी बदलले काय? पाणी नव्हे, जीभ नव्हे. मौनात माणसाला खाता येत नाही, एवढेच!

दुसऱ्या सकाळपासून काकांनी गोळी उठल्याबरोबर नळाच्या पाण्याशी घेतली आणि अर्धा तास पुस्तक वाचून मग न्याहारी केली. चार-सहा दिवसांत घसा निवला. पण त्यांचा स्वतःवर विश्वास कुठे! आपण एकटे म्हणजे काही पुरावा नव्हे, असे म्हणत ते नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले आणि रांगेतून दोनदा उठून परत येऊन बसले.

बाईंनी ऐकून कपाळाला हात लावला.

"अहो काका, या गोळीचं कामच तसं आहे. पोटात आम्ल सोडणारे बारीक बारीक पंप असतात. अन्न आलं की ते सुरू होतात. ही गोळी चालू झालेला पंपच बंद करू शकते, आणि रक्तात ती टिकते थोडा वेळ. म्हणून आधी गोळी, मग अन्न. जेवणावर घेतली, तर अन्नात अडकून ती उशिरा रक्तात जाते, तोवर पंप आपलं काम उरकून मोकळे."

"मग हे चिठ्ठीवर...?" काकांनी चाचरत विचारले.

बाईंनी चिठ्ठ्यांची वही पुढे ओढली. "चिठ्ठीवर मी 'सकाळी' लिहिते. 'खाण्याआधी' हे तोंडाने सांगायचं असतं. बाहेर रांग असते, राहून जातं. जे मी सांगायला हवं होतं, ते तुमच्या बुवाने सांगितलं. वर अग्नी लाजवला."

"पण तो आता गोळी सोडा म्हणतोय," काका म्हणाले, आणि अक्काचे सगळे सांगितले. बाई तिथल्या तिथे उठल्या.

हॉलमध्ये त्या दिवशी 'गोळीमुक्ती' होती. बुवांसमोर मोठे पातेले ठेवले होते आणि लोक ओळीने येऊन गोळ्यांच्या पट्ट्या त्यात टाकत होते. टेलरची पाळी आली होती. काका ओळ मोडून पुढे गेले. त्यांना टेलरचा हात दिसत नव्हता, अक्काचा दिसत होता.

"बुवा, एक शंका," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की बेकरीवालीनेच माइक ओढून त्यांच्या तोंडापुढे धरला. "मी जन्मभर मौनातच आहे. माझं पोट का जळत होतं?"

हॉल हसला. बुवाही हसले. "माझं पाणी नव्हतं ना, काका!"

"बरोबर. आणि हिच्याकडे तुमचं पाणीही आहे, मौनही आहे. गोळी तेवढी नाही. हिचं का जळतं? माझं नळाच्या पाण्याने थांबलं. मी गोळी फक्त खाण्याच्या आधी घेतली."

हशा थांबला. डॉक्टरीणबाईंनी पंपांची हकिकत दोन शब्दांत सांगितली. बुवांनी माइक परत घेतला आणि गोड आवाजात विचारले, की मागच्या गावी ज्यांनी गोळी सोडली ते मग अजून बरे कसे?

"बंद पडलेले पंप पुन्हा भरून यायला काही दिवस लागतात," बाई म्हणाल्या. "पुष्कळ दिवस घेतलेली गोळी एकदम सोडली, तर नंतर आम्ल उलट जोरात येतं. पोटात जखम असेल तर रक्तही जाईल. ते दिसायला थोडे दिवस जावे लागतात."

"आणि तोवर बुवांचा मुक्काम कुठे असतो?" बेकरीवालीने विचारले.

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. बाहेर बुवांची गाडी सामान भरून उभी होती.

बुवा अग्नीबद्दल आणखी बरेच बोलले, पण मागच्या रांगा उठल्या होत्या. काहींनी तरीही पातेल्यात पट्ट्या टाकल्या. टेलर मात्र आपली पट्टी खिशात कोंबत काकांपाशी आला. "म्हणजे पाणी सोडू आणि गोळी ठेवू, असंच ना?"

"बाईंना विचार," काका म्हणाले. "मला नको, मी नुसता वाचतो."

पण घरी येऊन त्यांनी कोश उचलला, पत्र बाहेर काढले आणि उभ्या उभ्याच लिहायला घेतले. या वेळी पहिला शब्द 'कदाचित' नव्हता.

"नको. अक्का, गोळी सोडू नकोस. सोडली असशील तर आजच डॉक्टरांकडे जा. बाटलीत पाणीच होतं, आता नळाचं घे. तुला बरं केलं ते गोळीने, आणि त्या अर्ध्या तासाने, ज्यात तू काही खाल्लं नाहीस. ही गोळी उठल्यावर घे, मग थांब, मग खा. सगळ्या गोळ्यांचा नियम असा नसतो, म्हणून बाकीच्या कशा घ्यायच्या ते डॉक्टरांना विचार, आणि ते सांगायला विसरले तर पुन्हा विचार. गुण आला की कशाने आला, हेही विचारत जा. विचारल्याने खऱ्या औषधाचा गुण जात नाही. कळ काळी पडली किंवा चक्कर आली, तर माझ्या पत्राची वाट बघू नकोस. उत्तराला उशीर झाला."

त्यांनी वाचून पाहिले. 'शौचाला काळं झालं'च्या जागी 'कळ काळी पडली' असे काहीतरी अर्थहीन लिहिले गेले होते. बहिणीला असले लिहायची लाज आड आली होती. त्यांनी ते खोडले आणि स्पष्ट लिहिले, शौचाला काळं झालं, म्हणजे आत रक्त जातंय. पाकीट चिकटवले आणि चपला नीट न घालताच ते नाक्यावर गेले. टपालपेटीच्या फटीत पाकीट अर्धे सरकवून त्यांना वाटले, एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवून घ्यावे का? एखादे 'परंतु' राहिले असेल का?

तिकडे अक्काची बाटली तळाला होती. काकांनी बोटे सोडली.