खंडेनवमीला रंगवलेली झडप

मी झडप बोलतेय. होय, लोखंडाची. हसू नका. दारं-खिडक्या तुम्ही निदान पुसता तरी, पण माझ्यासारखीला कोण विचारतं? मुलुंडला खाडीच्या अंगाला एक वीजघर आहे. त्याच्या मागच्या भिंतीशी, पावसाच्या पाण्याच्या गटारावर मी उभी असते. चौकटीत बसवलेला एक जाडजूड पत्रा, मधून वर गेलेला आट्यांचा दांडा आणि दांड्याच्या डोक्यावर एक चाक. चाक एका बाजूला फिरवलं की मी खाली बसते, दुसऱ्या बाजूला फिरवलं की वर उठते. बस्स, एवढंच माझं काम. ते चुकलं तर काय होतं, हे सांगायलाच आज तोंड उघडलंय.

मी घडले मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडखाली. पण खरं सांगू? मला जन्माला घातलं ते द्रौपदीबाईच्या ओरडण्याने.

द्रौपदीबाई खाडीकाठची कोळीण. आमचं गटार भिंतीपलीकडे नाल्याला मिळतं आणि नाला पुढे खाडीला. त्या तोंडापाशी ती आणि तिच्या मैत्रिणी पाण्यात पिंजरे बांधून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, वाढवतात. हाडकुळ्या चिंबोऱ्या आणायच्या, पिंजऱ्यात सोडायच्या, मासळीची डोकी-शेपट्या खायला घालायच्या आणि दिवाळीच्या आत अंगाने भरल्या की बाजारात न्यायच्या. एका पावसाळ्यात वीजघराच्या आवारात सांडलेलं तेल पाण्याबरोबर वाहत खाडीत उतरलं. मोकळी मासळी निसटते हो. पिंजऱ्यातली चिंबोरी कुठे जाणार? एकूण एक मेल्या. द्रौपदीबाई मेलेल्या चिंबोऱ्यांची टोपली डोक्यावर घेऊन वीजघराच्या फाटकाशी आली आणि अशी काही कडाडली म्हणतात की साहेबलोक खिडक्या लावून बसले.

खाली उतरून आली ती एकटी शर्मिष्ठा. ती पार्ल्याची मुलगी, वीजघरातलं प्रदूषण बघायची नोकरी तिची. नवीनच लागली होती. तिने टोपलीत हात घातला, हाताला लागलेलं तेल बघितलं आणि ती तडक वर गेली. वर काय भांडली ते मला ठाऊक नाही. पण त्यानंतर आवारात एक मोठी टाकी बांधली गेली आणि माझी ऑर्डर मरोळला पोहोचली.

माझं काम असं. पाऊस आला की पहिलं पाणी घाण असतं. जमिनीवरचं तेल, काजळी, ट्रकांच्या चाकांची माती, सगळं तेच धुऊन आणतं. तेव्हा मी खाली बसलेली हवी, म्हणजे नाल्याकडची वाट बंद. पाणी मुकाट्याने टाकीत जातं. तिथे तेल वर तरंगतं, गाळ तळाला बसतो, दोन्ही काढून घेता येतं. आवार चांगलं धुऊन निघालं, पाणी स्वच्छ यायला लागलं की मला वर उचलायचं, म्हणजे पुढचं पाणी सरळ नाल्यात. पाऊस संपला की पुन्हा खाली. उन्हाळा असो, हिवाळा असो, कोरड्यात मी खालीच बसायची. सोपं आहे ना? सोप्या कामांचीच माणसं वाट लावतात.

मला सांभाळायला दिलं भाऊंकडे. भाऊ राणे मूळचे मालवणकडले. वडील गिरणीत होते, गिरण्या गेल्या आणि भाऊ इथे चिकटले. माणूस लाखमोलाचा. आल्या दिवशी त्यांनी माझ्या चाकावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ये गो बाय. आता तू आणि मी." तेव्हापासून मला कुणी नुसतं 'झडप' म्हटलं की त्यांना राग येई. "नाव घेऊन बोलवा रे, भवानी म्हणा." आणि मी भवानी झाले.

शर्मिष्ठाने एकदा द्रौपदीबाईला मुद्दाम आत आणून मला दाखवलं. बाईने पुन्हा पिंजरे टाकले नव्हते. एकदा जिथे सगळं मेलं, तिथे परत हात घालायला धीर होत नव्हता तिला. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ही खाली बसली का त्याल नाय येनार?"

"नाही येणार," शर्मिष्ठा म्हणाली.

"आनि ही बसवनार कोन?"

"मी आसंय मा," भाऊंनी छाती ठोकली. "माझ्यार सोड. तुझ्या चिंबोरेक तेलाचो थेंब लागलो तर माका विचार."

त्या शब्दावर द्रौपदीबाईने आणि तिच्या मैत्रिणींनी पिंजरे टाकले. दोन पावसाळे निभावले. माझ्या आतल्या बाजूला काळं पाणी फुगायचं, टाकीकडे वळायचं आणि भिंतीपलीकडे बाया गाणी म्हणत पिंजरे साफ करायच्या. बंद झडपेला दुसरं काय सुख हवं? श्रावण संपला की द्रौपदीबाई भाऊंना दोन चिंबोऱ्या आणून द्यायची आणि भाऊ दुसऱ्या दिवशी साराचं वर्णन मला ऐकवायचे. मला जीभ नाही, तरी पाणी सुटायचं.

आता माणसांची एक खोड सांगते. पावसाळा असला की त्यांना माझी आठवण येते. एरवी चहाचे कागदी कप माझ्या पायाशी, तंबाखूची पिंक माझ्या अंगावर. आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मी एकदम देवी. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते. पान्यापासून क्रेनपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचे हार. आणि पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ते विश्रांती घेतं, दसऱ्याला पुन्हा हातात घ्यायचं, असा भाऊंच्या घरचा पिढीजात नेम.

त्या वर्षी भाऊंच्या मायेला भरतं आलं. नोकरीतली शेवटचीच काही वर्षं उरली होती. म्हणाले, "यंदा माझी भवानी नवरीवारी दिसूक होई." आदल्या दिवशी सगळ्यांनी डिझेलच्या बोळ्यांनी यंत्रं पुसली आणि यार्डावर पाण्याचे फवारे मारले. मी खाली बसलेली होते, धुवण टाकीत गेलं. इथवर ठीक. पण जमिनीवर तेलाचा पातळ तवंग राहिलाच.

मग भाऊ रंगाचा डबा घेऊन आले. मी खाली असले की निम्मं अंग चौकटीत जातं, तिथे ब्रश पोचत नाही. म्हणून त्यांनी मला पार वर उचललं आणि लालभडक रंगवलं. पत्रा रंगवला, चौकट रंगवली आणि हौसेने दांड्याचे आटेसुद्धा. अहो, आट्यांना ग्रीस लावतात, रंग नाही! पण मी कुणाला सांगणार? रंग आट्यांत भरला आणि रात्रीत घट्ट वाळला. खंडेनवमीच्या सकाळी भाऊंनी मला हार घातला, चाकावर हिरवा खण बांधला, नारळ ठेवून माझी ओटी भरली. सगळे म्हणाले, झकास. मलाही, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पण मी वर होते. नाल्याची वाट सताड उघडी होती.

दुपारी आभाळ भरून आलं. शर्मिष्ठा धावत आली.

"भाऊ, ही वर कशी? खाली घ्या पटकन!"

"अगो म्याडम, आज खंडेनवमी. पूजलेल्या हत्याराक हात लावूचो नसता. उद्या सकाळीच खाली करतलंय."

"आभाळ बघितलंत का?"

"परतीचो पाऊस तो. गडगडता आणि जाता."

"आणि पडला तर? अख्खं यार्ड डिझेलने पुसलंय, भाऊ. वाट लागेल!"

भाऊ हातात पेढा धरून उभे राहिले. शर्मिष्ठाने पदर खोचला आणि स्वतःच चाकाला हात घातला. मी जीव खाऊन प्रयत्न केला, पण आटे जाम. ती लोंबकळली, चाक हललं नाही. तेवढ्यात पाऊस आला. गडगडून गेला नाही, कोसळला. यार्डावरचा तवंग उचलून पाणी माझ्याकडे आलं आणि माझ्याखालून नाल्यात निघालं. मी वरून बघत होते. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

भिंतीपलीकडून आवाज आला. तो आवाज भाऊंना ओळखावा लागला नाही.

"भाऊ! अवो भाऊ! त्याल आयलं! पिंजऱ्यांवर आयलं!"

पेढा भाऊंच्या हातातून पडला. त्यांनी हातोडा उचलला. माझ्या चाकाला हात लावून तो कपाळाला नेला आणि म्हणाले, "माफ कर गो बाय." मग खण ओरबाडला, हार तोडला आणि माझ्या आट्यांवर घाव घालायला सुरुवात केली. रंगाच्या खपल्या उडाल्या. प्रत्येक घावाला ते रडत होते, अगदी मोठ्याने. चाकात लोखंडी पाइप अडकवून दोघांनी जोर लावला. मी करकरत खाली येऊ लागले. पाऊण वाट आले आणि दांडा वाकला. पुढे जाईना. उरलेल्या फटीत भाऊ गुडघाभर तेलकट पाण्यात उतरले, वाळूची पोती कोंबली आणि पाऊस थांबेपर्यंत पाठ लावून बसले. नवीन सदरा होता अंगात, दसऱ्याचा.

पलीकडे बायांनी मिळतील तेवढे पिंजरे ओढून चिखलावर काढले. लांबचे वाचले. नाल्याच्या तोंडाशी होते, ते गेले.

दसऱ्याच्या सकाळी द्रौपदीबाई आत आली. ओरडली नाही. मागच्या वेळी फाटकाशी ओरडली होती, ते परवडलं असतं. तिने तेलाने माखलेल्या मेल्या चिंबोऱ्या माझ्या पायाशी, नारळाशेजारी ठेवल्या. भाऊंच्या हातात आपट्याची पानं होती. ती द्यायला त्यांचा हात पुढे झाला आणि मागे आला.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमी हिला देवी केलीव. मना देवी नको होती. देवी माज्या घरान हाय. मना राखन करनारी पायजे होती."

ती गेली. भाऊ तिथेच जमिनीवर बसले.

माझा दांडा मरोळहून नवा करून आणला. त्याच्या आट्यांना भाऊंनी स्वतःच्या बोटांनी ग्रीस भरलं. अंगावरचा लाल रंग अजून आहे, जागोजागी हातोड्याचे पोचे. शर्मिष्ठाने वरच्यांशी भांडून ठरवून घेतलं की मला रोज सकाळी वर-खाली फिरवून बघायचं, सण असो की सुट्टी. भाऊ ते करतात. मग भिंतीजवळच्या दगडावर चढून खाडीकडे बघतात. चिखलावर पिंजरे पालथे पडलेले असतात. दिवाळी गेली, होळी गेली, पिंजरे पालथेच. शर्मिष्ठा दोनदा विचारायला गेली. द्रौपदीबाई म्हणाली, "बगू."

परवा सकाळी ती आली. एकटीच, साडीचा काष्टा मारून. भाऊ उठून उभे राहिले. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. शर्मिष्ठाला म्हणाली, "आतल्या अंगाला पानी भरा. मी भायेरून बघतंय."

भिंतीला वळसा घालून ती उन्हाळ्याने कोरड्या पडलेल्या नाल्यात उतरली. भाऊंनी मला एकदा वर-खाली फिरवून पुन्हा नीट बसवलं. शर्मिष्ठाने आतून पाण्याची नळी सोडली. पाणी माझ्या पाठीशी चढू लागलं, जड, ढकलणारं. मी चौकटीला घट्ट धरून बसले. पलीकडे द्रौपदीबाई वाकली आणि तिने तळहात माझ्या खालच्या कडेला लावला. तेलाने भरलेल्या पाण्यातून ज्या हाताने मेलेल्या चिंबोऱ्या उचलल्या, तोच हात. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश सरकत गेला. आत भाऊ चाक धरून उभे होते.

"आनखी घट्ट करा, भाऊ," ती ओरडली.

भाऊंनी सगळं अंग टाकलं चाकावर.

तिने कडेवरून पुन्हा हात फिरवला आणि काढून बघितला. कोरडा होता. साडीला पुसायचीही गरज पडली नाही.

"टाकतंय पिंजरे," ती पलीकडून म्हणाली. "पन खंडेनवमीला मी सोता येनार, भाऊ. पूजेला नाय. ही खाली हाय का नाय ते बघाला."

"ये गो बाय," भाऊ म्हणाले. चाक त्यांनी अजून सोडलं नव्हतं.

मी अजून खाली बसून आहे. पावसाळा जवळ आलाय, काम वाढेल. तुम्हीही कधी इकडे आलात तर मला हार घालू नका, हात जोडू नका. चाक फिरवून बघा, आणि निघताना मला पुन्हा खाली बसवून जा. भिंतीपलीकडे चिंबोऱ्या आहेत आणि त्यांना पळून जाता येत नाही.