सुभेदाराचा लाल कोट

मी एक जुना लाल कोट आहे. फौजेत मी एक दिवसही नव्हतो, तेव्हा उगाच सलाम ठोकू नका. अकोल्याच्या एका बँडवाल्याने मला टाकून दिलं. अमरावतीच्या एका शिंप्याने पितळी बटणं लावली, खांद्यावर झालर शिवली आणि मी संगीत नाटकातल्या सुभेदाराचा झालो.

मित्रांनो, मला अंगात घालायचा तो चंद्रभान. वलगावचा फुलवाला. सकाळी अमरावतीच्या बाजारात झेंडू विकायचा, संध्याकाळी तालमीला यायचा. माझ्या बाह्यांना अजून झेंडूचा वास आहे.

नाटक जुन्या काळातलं. दुष्काळ पडलेला असतो. राजाच्या धान्याच्या गाड्या उपाशी गावकरी अडवतात. सुभेदाराला हुकूम येतो, गोळ्या झाडा. गाव त्याचंच. पहिल्या गाडीपुढे एक बाई उभी राहते. ते काम चंद्रभानची बायको जमुना करायची. मग चंद्रभान पद म्हणायचा, ‘हुकूम मोठा की भूक मोठी, सांग ना रे काळजा’. गळा फार गोड नव्हता, पण काळीज माझ्या बटणांवर धडाधड आपटायचं. शेवटी तो मला अंगातून काढून त्या बाईच्या खांद्यावर टाकायचा. मोर्शीला, अचलपूरला लोक त्या पदाला वन्स मोअर द्यायचे.

मग अकोल्याचा प्रयोग ठरला. तो ठरवला नाटकांचे ठेके घेणाऱ्या पंजाबरावांनी. तालमीत येऊन बसले आणि म्हणाले, “सुभेदार रडते कावून बे? फौजी म्हंजे फौजी! पद काढून टाका, गोळ्या झाडू द्या.”

“भाऊ, त्या पदातच तर नाटक हाये,” चंद्रभान म्हणाला. “ते गेल्यावर मी तिथं काय करून राहिलो?”

“हॉल कोनं घेतला? लोकाइले जोश पायजे. रडाले घरी बायका हायेत.”

“हाये ना घरी बायको,” जमुना म्हणाली. “तिलेच तर मारून राहिले तुमी.”

सगळे हसले. पद गेलं. मी तर कोट, मला तोंड नाही. पण त्या सगळ्यांना तोंडं होती. दोन वाक्यं बदलली आणि उपाशी माणसं गद्दार झाली. एवढंच लागतं.

अकोल्याला हॉल गच्च भरला. चंद्रभानने हात उचलला. “झाडा!” विंगेत फटाके फुटले, जमुना पडली. शिट्ट्या, टाळ्या, आणि मग ओरड उठली, “वन्स मोअर!”

संगीत नाटकात वन्स मोअर आला की पुन्हा द्यावं लागतं. पण आजवर तो गाण्याला यायचा. चंद्रभानने विंगेत पाहिलं. पंजाबराव हात हलवत होते, “घे, घे!”

मेलेली माणसं उठली. जमुनाने पदर झटकला आणि पुन्हा गाडीपुढे उभी राहिली. चंद्रभानने पुन्हा हात उचलला. मी काखेत घामाने भिजलो होतो.

“झाडा!”

प्रयोगानंतर रंगपटात जमुना तोंडाचा रंग पुसत होती.

“लागलं काय वं?” त्याने विचारलं.

“नाई. पन दुसऱ्या खेपेले मारलं ना मले, तवा आवाज लय चांगला लागला तुमचा.”

चंद्रभानने मला ओरबाडून काढलं. माझी दोन बटणं तुटली, ती त्याने उचलली नाहीत. त्यानंतर तो रंगमंचावर चढला नाही. झेंडू विकतो, पण गुणगुणतसुद्धा नाही म्हणतात.

मी आता शाळांच्या गॅदरिंगला भाड्याने जातो. परवा त्याच प्रवेशासाठी एका पोराने मला घातलं, आरशात पाहिलं आणि पहिला शब्द उच्चारला, “झाडा!” बाई म्हणाल्या, “शाब्बास!”

मित्रांनो, मला ऊन दाखवू नका. कसर लागते तर लागू द्या. फक्त टाळीसाठी हात उचलाल तेव्हा खाली कोण पडलंय, ते आधी बघा.

बघाल? मला नाही वाटत.