बाबांच्या पाठीमागची खिडकी

"आला! आला! आजार पाण्यात उतरला!"

खोलीत चाळीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती. समोर खुर्चीवर फुंकरबाबा, दोन्ही हातांना एकेक मडकं. त्यांच्यापुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने नळीतून पेल्यात फुंकर मारली आणि नितळ पाणी बघता बघता दुधाळ झालं. बाबांनी त्याच्या छातीवरून रुमाल फिरवला, दुसरा पेला दिला. या वेळी पाणी नितळच राहिलं.

"गेला! आजपासून गोळ्या बंद!"

म्हातारा खोकत खोकत आनंदाने रडला.

मी दाराशी मास्क लावून उभी होते. क्षयाच्या दवाखान्यात मी बारा वर्षं नर्स आहे. रोग्याने रोजच्या गोळ्या माझ्यासमोर गिळायच्या, ही आमची पद्धत. शिवणकाम करणारी एक बाई नऊ दिवस फिरकली नव्हती, तिला शोधत आले होते. ती पुढच्याच रांगेत सापडली. मांडीवर पाच वर्षांची मुलगी. मुलगी खोकत होती.

खिडक्यांना पडदे, दारात गर्दी. प्रत्येक जण जीव खाऊन फुंकत होता आणि फुंकलं की खोकत होता. क्षय उष्ट्या पेल्यातून नाही, हवेतून पसरतो. आणि इथे सगळ्यांमध्ये एकच हवा फिरत होती.

मी तिच्याशेजारी वाकले. "अगं, गोळ्या?"

"बाबांनी सोडवल्या, सिस्टर. खोकला थांबलाय की माझा! आज हिचा नंबर."

"थांबला तो दोन महिन्यांच्या गोळ्यांनी. अर्ध्यात सोडल्यास, तर उरलेले जंतू पुढे त्याच गोळ्यांना भीक घालणार नाहीत."

"पण पाणी पांढरं होताना मी डोळ्यांनी पाहिलंय!"

मुलगी बाकावर जाऊन बसली. तेवढ्यात बाबांच्या मागचा पडदा हलला. तेवढी एकच खिडकी उघडी होती, तिच्यापुढे उभा पंखा ठेवला होता. वारा बाबांच्या पाठीकडून रोग्याकडे वाहत होता. दवाखान्यात आमची खुर्ची अशीच असते, रोग्याचा श्वास अंगावर येऊ नये म्हणून. रोग पाण्यात उतरवणाऱ्याला ही काळजी कशाला?

खोलीतली सगळी माणसं बाबांच्या बाजूची. तरी मी मुलीला उचलून आईकडे दिलं.

"बाबा, आधी तुम्ही फुंका. या बाकावर बसून. खुर्चीत मी बसते."

"आम्ही निरोगी आहोत, ताई."

"मग पाणी नितळच राहील. फक्त डाव्या मडक्यातलं घ्या." पहिला पेला नेहमी डाव्या मडक्यातून भरला जात होता, दुसरा उजव्या.

"त्या बाकावर रोगाची छाया असते."

"अहो, रोग पाण्यात गेला ना? मग बाकावर काय उरलं?" मागून एक आजी म्हणाल्या. "बसा की, नव्या नवरीसारखे लाजता काय!"

लोक हसले. बाबा मात्र खुर्चीतून हलेनात.

मी डाव्या मडक्यातलं पाणी आणि एक कोरी नळी घेऊन अंगणात गेले, मास्क खाली केला आणि फुंकलं. पाणी दुधाळ झालं.

"सिस्टर, तुम्हालाही?" दाराशी आलेली शिवणकामवाली पांढरीफटक पडली.

"नाही गं. ही चुन्याची निवळी आहे. श्वासातल्या कार्बन डाय-ऑक्साइडने ती पांढरी होते. माझ्या, तुझ्या, पैलवानाच्यासुद्धा. उजव्या मडक्यात साधं पाणी आहे, त्यात बैलाने फुंकलं तरी काही होणार नाही."

आजींनी उजव्या मडक्यातलंही पाणी अंगणात आणून दोन्हींत स्वतः फुंकून पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून आत वळल्या, "कुठाय तो मेला?"

खुर्ची रिकामी होती, पंखा आडवा पडला होता. उघड्या खिडकीचा बाबांना शेवटचा उपयोग झाला होता.

दुसऱ्या दिवशी शिवणकामवालीने माझ्यासमोर गोळ्या गिळल्या. नऊ दिवस चुकले होते, म्हणून तिचा बेडका पुन्हा तपासायला पाठवला. मुलीचीही तपासणी केली.

"हिला झाला असेल का हो?"

"माहीत नाही. अहवाल आला की कळेल. झाला असला, तरी पूर्ण औषधाने बरा होतो."

हे मी शांतपणे सांगितलं आणि उद्याच्या गोळ्यांची वेळ तिला लिहून दिली.

तुमच्याकडे असा कुणी आला, तर पेल्याकडे बघत बसू नका. तो स्वतः कुठे बसलाय आणि वारा कुणाकडून कुणाकडे वाहतोय, ते आधी बघा. खिडक्या उघडा. आणि खोकला थांबला तरी, डॉक्टर सांगेपर्यंत गोळ्या सोडू नका.