मशीनमधला गोळा

काचेच्या झाकणातून गोळा दिसत होता... गोल, गुळगुळीत, ब्रेडच्या मशीनच्या पात्याभोवती निवांत फिरणारा, कडेला जराही न चिकटणारा – आणि ओटा पुसता पुसता स्नेहाचा हात थांबला. तांदळाच्या पिठाचा असा गोळा होत नाही. चिकटपणासाठी कितीही इसबगोल घाला, भज्यांच्या पिठासारखं सैलसर काहीतरी होतं आणि भाजल्यावर त्याची वीट निघते. सहा महिने ती विटाच पाडत होती, कारण सात वर्षांच्या दिशाच्या पोटाला गव्हाचा कण चालत नव्हता.

गेले तीन आठवडे मात्र ब्रेड फुगत होता. ‘आई, अगदी दुकानातल्यासारखा!’ दिशा म्हणाली होती. आणि मी बहिणीला फोटो पाठवला, हात बसला म्हटलं, केवढी मिरवले मी... त्याच तीन आठवड्यांत पोरीचं पोट पुन्हा फुगलं, दंडाच्या काड्या झाल्या. पालघरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाले, कुठून तरी गहू पोटात जातोय, शोधा. स्नेहाने शोधलं. शाळेत डबा वाटून खाणाऱ्या मैत्रिणी, वाढदिवसाचे केक, सगळं झालं, आणि शेवटी उरल्या माई, तिच्या नवऱ्याची, विनोदची आई. रविवारी घिवलीहून आल्या होत्या, नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. स्नेहाने उचलली जीभ लावली टाळ्याला – ‘चोरून चपाती भरवता तुम्ही तिला.’ माई उठल्या. ‘नातीला मी इख घालीन?’ एवढंच म्हणाल्या आणि मिळेल त्या रिक्षाने बोईसर सोडून गेल्या. आठ दिवस झाले, फोन नाही.

स्नेहाने मशीनचा प्लग काढला. झाकण उघडून गोळ्याचा चिमटा घेतला, ओढला. तो तुटला नाही. लांबत गेला... लांबतच गेला.

स्टीलचा मोठा डबा फळीवर होता. महिन्यापूर्वी त्यातून तिनेच माईंना शेंगदाण्याचे लाडू पाठवले होते, आणि रिकामा डबा परत धाडू नये म्हणून माईंनी तो पिठाने भरून दिला होता. पांढरं पीठ. माईंच्या घरी पीठ म्हणजे तांदळाचं, दोन्ही वेळा भाकरी. कसलं आहे म्हणून विचारणं म्हणजे त्यांचा अपमानच झाला असता. तिने आपलं पीठ त्यातच ओतलं होतं.

तिने फोन लावला.

“माई, डब्यातलं ते पीठ... घरचंच ना?”

“घरचंच म्हणायचं. गुडघ्यापायी गिरणीवर जायाला होत नाय मला. शेजारच्या मेहुलनं दुकानातनं तांदळाचं म्हणून पाकीट आणून दिलं. पांढरंफेक हाय, पण भाकरी नाय थापता येत बाय त्याची, नुसती ताणते. म्हटलं, तुज्या मशीनला चालेल.”

मैदा.

“पोरीला बरं हाय ना गं? तुजा राग गेला का?”

राग... डबा आत्ताच्या आत्ता कचऱ्यात. विनोद कामावरून यायच्या आत. नवं पीठ आणायचं, पुन्हा विटा पाडायच्या. दोन-चार आठवड्यांत दिशा सावरेल, आणि विनोद आपणहून म्हणेल, बघ, आई यायची थांबली आणि पोरगी सुधारली. मला काही बोलावंच लागणार नाही. मी फक्त गप्प राहायचं.

किती शांतपणे सुचलं हे. भाजीला काय करायचं हे सुचावं तसं. इतके दिवस घरात कुणीतरी पोरीच्या वाईटावर आहे असं वाटत होतं, दारं-डबे हुडकत होते मी – आणि तो माणूस इथे, ओट्याशी, माझाच गाऊन घालून उभा होता.

प्लग काढला होता तरी उघड्या मशीनमध्ये गोळा हळूहळू वर येत होता.

“स्नेहा? आयकतेस ना बाय?”

“ऐकतेय,” ती म्हणाली, आणि फळीवरचा डबा काढून तिने तो विनोदला दिसेल असा ओट्यावर मधोमध ठेवला.