शिजलेल्या भाताचं वजन

"हात लावू नका, काटा हलतो," हर्षाली म्हणाली, आणि कमळाकरने पुढे केलेला हात मागे घेतला.

ओट्यावर वहीएवढा पांढरा काटा होता. काट्यावर वाटी, वाटीत गरम भात. हर्षाली चमच्याच्या टोकाने चार शितं काढत होती, दोन परत टाकत होती. आकडा साठावर थांबला तेव्हा कुठे तिने श्वास सोडला, ताटाचा फोटो काढला, तो मुरबाडला प्रणित सरांना पाठवला आणि मग जेवायला बसली.

"एकसष्ट हाय," कमळाकर लांबूनच म्हणाला. "तुजा काटा एक ग्राम कमी दाखवतो."

"तुमच्या हातापेक्षा बरा."

ती हसतच म्हणाली होती. पण असं हसून म्हणायची हिंमत टोकावड्यात दुसऱ्या कुणाला झाली नसती. कमळाकर बावीस वर्षं तिथल्या भातगिरणीवर होता आणि त्याच्या हातालाच काटा आहे, असं सगळा भाग मानायचा. पोतं नुसतं हलवून तो वजन सांगायचा आणि मोठा काटा मागाहून मान डोलवायचा.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी म्हसा गावच्या जत्रेत हर्षालीने त्याच्या तळहातावर जिलेबीचा पुडा ठेवून विचारलं होतं, "किती होईल?" तो म्हणाला, पाव किलोला वीस ग्राम कमी. हलवायाने पुन्हा तोललं, वीसच कमी भरले, आणि त्याने निमूट एक जिलेबी वर टाकली. त्या दिवसापासून हर्षालीला नाद लागला. दोडका असो, बोंबील असो, बहिणीचं नवं बाळ असो, आधी त्याच्या हातावर ठेवायचं आणि विचारायचं, किती होईल? एकोणीस वर्षं. कमळाकरला कुणी मानपत्र दिलं नव्हतं, पण रोज संध्याकाळी घरात हा एक प्रश्न विचारला जायचा आणि तेवढं त्याला पुरत होतं.

मग पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं, साखर काठावर आहे, वजन अठ्ठ्याहत्तर, ते उतरवा. हर्षाली अंगणवाडी सेविका. तालुक्याच्या बैठकीत व्यायामशाळेचा एक मुलगा बोलवला होता, तो हा प्रणित. त्याने बायकांना सांगितलं, काही सोडू नका, फक्त तीन आकडे सांभाळा. तिच्यासाठी काढून दिले ते असे: दिवसाला प्रोटीन ऐंशी ग्रॅम, फॅट पंचेचाळीस, कार्ब एकशे साठ. खाल्लेलं नोंदवायला फोनमध्ये एक ॲपही घालून दिलं. अंडं नको तर चवळी खा. भात खा. जत्रेत जिलेबी खायची असेल तर त्या दिवशी भाताला थोडं सरकून बसायला सांगा. बाकीच्या बायका आठ दिवसांत कंटाळल्या. हर्षाली महिन्याच्या महिन्याला पोरांची वजनं तक्त्यावर चढवणारी, तिला आकड्यांचा कंटाळा येत नाही.

"सरांनी जिलेबीला परवानगी दिली," तिने आनंदाने सांगितलं होतं. जी जिलेबी कमळाकर एकोणीस वर्षं स्वतः घेऊन देत आला, तिला आता मुरबाडहून परवानगी येत होती. त्याने तोंडातला घास न चावताच गिळला.

तो मनातल्या मनात मोजू लागला. एका दिवसात प्रणितला गेलेले फोटो चार. स्वतः कमळाकरशी बोललेली वाक्यं सहा, त्यातली दोन सिलिंडरबद्दल. त्याच्या ताटाचा फोटो आजवर कुणी काढला नव्हता, आणि त्याच्या ताटात तर जास्त असायचं. प्रणितकडून उत्तर म्हणून फक्त एक उभा अंगठा यायचा. त्या अंगठ्याने हर्षालीचा चेहरा जेवढा खुलायचा, तेवढा कमळाकरने आणलेल्या साडीने शेवटचा कधी खुलला होता, हे त्याला आठवेना.

एकदा गिरणीचा पट्टा आणायचं निमित्त करून तो मुरबाडला जाऊन त्याला बघूनही आला. प्रणित असेल सव्वीसचा. बनियनपेक्षा घट्ट टीशर्ट, दंडावर शिरा. "या ना काका," तो म्हणाला, "ताई एकदम मस्त करतायत." बायको ताई आणि नवरा काका. परतीच्या एसटीत कमळाकर हे नातं घाटाच्या दिशेने बघत तीनदा मांडून बघत होता आणि तिन्ही वेळा ते त्याच्याच अंगावर येत होतं.

दत्तजयंतीला हर्षाली भाकऱ्या थापत होती. "माझे हात पिठाचे हायत," ती म्हणाली. "तेवढं फोनमधी भात साठ दाबा."

कमळाकरने फोन घेतला. ज्या ओळीत ती रोज भात नोंदवायची, तिच्यावर लिहिलं होतं: राइस, रॉ. गिरणीतल्या पोत्यांवर 'रॉ' आणि उकड्या तांदळाला 'बॉइल्ड' असे शिक्के तो रोज बघायचा. रॉ म्हणजे कच्चा तांदूळ. आणि वाटीत होता शिजलेला भात. वाटीभर तांदळाचा भात जवळजवळ तीन वाट्या होतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. साठ ग्रॅम भातात तांदूळ जेमतेम वीस-बावीस. त्याने बोट वर सरकवलं. वरणाचंही तेच, कच्च्या तूरडाळीच्या ओळीत पातळ वरण. चवळीचंही तेच. ती लिहीत होती साठ आणि खात होती वीस. ऐंशी ग्रॅम प्रोटीन फोनमध्ये रोज भरत होतं, अंगात मात्र जात नव्हतं.

"दाबलं का?"

"दाबलं," कमळाकर म्हणाला. राइस, रॉ, साठ.

तो गप्प का बसला, याचं माप त्याने स्वतःपुरतं नीट केलं होतं. सांगितलं तर ती सरांना कळवणार, सर अंगठा पाठवणार, चूक सुधारणार आणि हे प्रकरण वर्षानुवर्षं चालणार. नाही सांगितलं तर महिन्याभरात दमेल, काटा माळ्यावर जाईल आणि दोडका पुन्हा त्याच्या हातावर येईल. दुसरं पारडं त्याला जड वाटलं.

हर्षाली दमली खरी. कंगव्यात केस जास्त येऊ लागले. एसटीतून उतरली की थांब्याजवळच्या ढाब्याच्या बाकावर पाच मिनिटं टेकायची. दिवेलागणीलाच तिचे डोळे मिटायचे. कमळाकर हे सगळं बघत होता. एकदा त्याच्या तोंडाशी आलंही. तेवढ्यात ती म्हणाली, "सर म्हणतात, सुरवातीला थकवा येतोच." तोंडाशी आलेलं परत खाली गेलं.

अमावस्येनंतर भिमी म्हातारी दोन गोणी भात भरडायला गिरणीवर आली. हर्षालीची अंगणवाडी भिमीच्याच पाड्यावर. मंगळू गिरणीत हाताखाली होता, त्याने गोणी उतरवल्या. भिमीने बसायच्या आधीच विचारलं, "कमळाकर, तुजी बायको जेवत नाय का रं?"

त्याला काही समजेना. मग भिमीने सांगितलं. सकाळी पोरांची वजनं चालू होती. भिमीच्या नातवाला झोळीत घालून बाई काट्याला अडकवत होती आणि एकदम पांढरी पडून खालीच बसली. झोळी भिमीने धरली. नातवाला काही झालं नाही. पण बाई रडली, स्वतःसाठी नाही, हातातून पोर सुटलं असतं म्हणून.

"दादाची बायको मापून जेवते, आजी," मंगळू हसत म्हणाला.

"मग मापतो कोन?" भिमी म्हणाली. "ह्योच ना?"

कमळाकरने पुढच्या पोत्याचं वजन चुकीचं सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. मंगळूला ते काट्यावर दिसलं, त्याने काट्याचाच आकडा लिहून घेतला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने हर्षालीला बसायला सांगितलं. तिच्या समोर साठ ग्रॅम कच्चा तांदूळ काट्यावर घेतला, छोट्या पातेल्यात शिजवला आणि झालेला सगळा भात वाटीत काढून पुन्हा काट्यावर ठेवला. आकडा एकशे बाहत्तर. फोन उघडून त्याने 'रॉ'वर बोट ठेवलं.

हर्षालीने आकडा आणि ओळ ताडून बघितली. तक्ते भरणारी बाई, तिला जास्त समजवावं लागलं नाही.

"तुमाला कदी कळलं?"

आज कळलं, असं म्हणता आलं असतं. पण वजनाच्या बाबतीत खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"दत्तजयंतीला."

तिने बोटांच्या पेरांवर मोजलं. "सतरा दिवस," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या दिवशी तर तुमीच दाबलं होतं."

"हो."

भांडली असती तर तो सुटला असता. तिने वाटी ओढली आणि एकशे बाहत्तर ग्रॅम भात एक शीत न ठेवता खाल्ला. मग फोन घेऊन मागचे दिवस काढले आणि एकेक नोंद दुरुस्त करत बसली. कमळाकर समोर बसून होता. दत्तजयंतीच्या ओळीवर तिचं बोट जरा थांबलं, मग तीही दुरुस्त झाली.

प्रणितला तिने चूक कळवली. माझ्याकडून झाली, एवढंच लिहिलं, कमळाकरचं नाव कुठे घातलं नाही. उलट टपाली अंगठा आला. आठवड्याभरात तिच्या तोंडावर तजेला आला. घरात बोलणं होतं, चांगलं होतं, दिवसाला सहा वाक्यांपेक्षा जास्तच. फक्त दोडका बाजारातून आला की सरळ ओट्यावर जायचा.

पौषातल्या पुनवेला दोघं म्हशाच्या जत्रेला गेली. बैलांच्या रांगा, घोंगड्यांची दुकानं, मग हलवायांची ओळ. कमळाकरने दरवर्षीप्रमाणे पाव किलोचा पुडा घेतला आणि तिच्या हातात दिला. तिने कागद उघडला. नकळत त्याने तळहात पुढे केला.

हर्षालीने एक जिलेबी उचलली, त्याच्या हातावरून पलीकडे नेली आणि हलवायाला म्हणाली, "भाऊ, एवढी एक तोलून सांगा."

हलवायाला गंमत वाटली. त्याने ती काट्यावर ठेवली. काटा स्थिर व्हायच्या आधीच कमळाकरने मनात म्हटलं, बत्तीस.

"बत्तीस ग्राम, ताई."

तिने फोनमध्ये बत्तीस लिहिलं आणि उभ्या उभ्या, सावकाश, ती जिलेबी पूर्ण खाल्ली. बोटं पुसली. कमळाकरचा हात अजून तसाच पुढे होता, तो तिला दिसला. तिने उरलेला पुडा त्यावर ठेवला.

"धरा," ती म्हणाली आणि बांगड्यांच्या दुकानाकडे वळली.

तो तिच्या मागून चालू लागला. पुडा कोमट होता, कागदातून पाक बाहेर येत होता. दोनशे अठरा ग्रॅम.