काचेवरचा तलाव

“गुरुजी, तुमच्या त्या खेळापासून पोरगी तलावाले पाय लावत नाही,” लीलाबाई म्हणाली. म्हशीचा कासरा तिच्याच हातात होता. “आधी म्हशीच्या पाठीवर उभी राहून आरपार जात होती. आता धानकापणीच्या दिवसात मीच म्हैस धुऊन राहिली.”

भय्याजी गुरुजींनी मान खाली घातली. आसगावात उभा जन्म त्यांनी पोरं शिकवली. निवृत्तीनंतरही सुटीत पोरं जमवायची सवय सुटली नव्हती.

या सुटीआधी मोहाडीच्या बाजारात त्यांना भंगारात एक जुनी पेटी मिळाली होती. आत दिवा, पुढे भिंग. मधून रंगवलेली काच सरकवली की चित्र भिंतीवर हत्तीएवढं व्हायचं. काचा गुरुजींनीच रंगवल्या, गोष्टही त्यांनीच रचली. आभाळापलीकडे काहीतरी जिवंत पडून आहे, पृथ्वीहून जुनं. विश्वाचा पसारा पोरांना कळावा, अंगावर जरा काटा यावा, एवढाच हेतू. शाळेच्या खिडक्यांना पोती लावून भरदुपारी अंधार केला. हेमराज झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचा. त्यानं खर्जातल्या दोन पट्ट्या दाबल्या त्या खेळ संपेपर्यंत सोडल्याच नाहीत.

ओळखीच्याकडून अनोळखीकडे न्यावं, हा शिकवण्याचा नियम गुरुजींनी कधी मोडला नव्हता. म्हणून त्या अफाट जिवाचा डोळा काढताना त्यांनी गावचा तलावच काढला. तोच वाकडा काठ, तीच पाळ, मधलं तेच बेट. दुसरी काच सरकवली की बेट बुबुळासारखं फिरायचं. पोरं किंचाळली, मग हसली. लीलाबाईची नऊ वर्षांची हर्षा हसली नाही. गुरुजींना ते दिसलं होतं. तरी पोरं ‘आणखी एकदा’ म्हणाली आणि त्यांनी काच पुन्हा सरकवली.

आता हर्षा पाळीवर झाडाला टेकून बसली होती.

“काहून वं, म्हशीसंग जात नाहीस?” गुरुजींनी विचारलं.

“ते पाण्यातून पाहून राहिलं.”

“अवं, ते मी काढलं होतं. रंगानं. काच आणून दाखवू?”

“तुमीच तं सांगितलं, ते सगळ्यांच्या आधीपासून आहे म्हणून.”

धडा चोख शिकवला गेला होता. त्यांनी चपला काढल्या आणि धोतरासकट पाण्यात उतरले.

“गुरुजी, गाळ आहे,” लीलाबाई ओरडली. “पडसान.”

“पडलो तं म्हशीवर घालून आण.”

कमरेएवढ्या पाण्यात ते थांबले. “पाह्य हर्षा, काही नाही. मासोळ्या चावतात फक्त.”

“केवढ्या?”

“बोटाएवढ्या.”

ती हलली नाही. गुरुजीही हलले नाहीत. ऊन तिरपं झालं, त्यांच्या अंगात थंडी भरली.

“गुरुजी, तुमी कापून राहिले. या न बाहेर,” हर्षा म्हणाली.

“पाय रुतला, बाई. निघत नाही.” हे मात्र खरंच होतं.

लीलाबाईनं पदर खोचला. पण त्याआधीच हर्षा उतरली होती. डोळे गच्च मिटलेले, एक हात पुढे, पाऊल चाचपत. गुरुजींचं बोट सापडताच तिनं ते घट्ट धरलं आणि जोर लावून त्यांना ओढलं. काठ लागेपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत.

“पाहा, उतरली ना,” लीलाबाई म्हणाली.

गुरुजी दगडावर बसले. हर्षा त्यांच्यासमोर उकिडवी बसून फ्रॉकच्या घेरानं त्यांच्या पायांचा गाळ पुसू लागली, पाण्याकडे पाठ करून.